सरकारी कामात अडथळा: फिर्यादीपासून निकालाच्या नकलेपर्यंत

कोर्टाच्या व्हरांड्यात या खटल्याला अजूनही ‘तीनशे त्रेपन्न’च म्हणतात. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमाचा आकडा 353 चा 132 झाला, पण जीभ जुनीच आहे. बातमीत सरसकट ‘सरकारी कामात अडथळा’ छापून येते. तिथूनच पहिला घोळ सुरू होतो, कारण या एका नावाखाली निदान तीन-चार वेगळे गुन्हे बसतात आणि शेवटी किती शिक्षा होणार हे त्यातला कोणता लागला यावर ठरते.

नुसता अडथळा म्हणजे न्याय संहितेचे कलम 221, जुने 186. कमाल शिक्षा तीन महिने किंवा 2,500 रुपये दंड किंवा दोन्ही. कलम 132 ला नुसता अडथळा पुरत नाही. तिथे हमला किंवा फौजदारी बलप्रयोग लागतो आणि कमाल शिक्षा दोन वर्षे, दंड किंवा दोन्ही. पोलिसाला दुखापत झाली तर 121(1), पाच वर्षांपर्यंत. जबर दुखापत असेल तर 121(2), आणि तिथे किमान एक वर्ष बंधनकारक, वरची मर्यादा दहा वर्षे. स्वतःच्या कायदेशीर अटकेला विरोध केला किंवा कोठडीतून पळाला तर 262, दोन वर्षांपर्यंत. गाडी अंगावर घातली असा आरोप असेल तर खुनाच्या प्रयत्नाचे कलमही जोडले जाते, आणि मग हा खटला ‘तीनशे त्रेपन्न’चा राहतच नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गुंता आहे. राज्याने दुरुस्ती करून जून 2018 पासून 353 ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. न्याय संहिता आली तेव्हा ही राज्याची दुरुस्ती तिच्यात उतरली नाही. म्हणून फाइल हातात आली की कलमाआधी घटनेची तारीख पाहायची. जून 2018 ते 30 जून 2024 मधली घटना असेल तर पाच वर्षे आणि सत्र न्यायालय. त्यानंतरची असेल तर दोन वर्षे आणि दंडाधिकारी. एकाच नाक्यावरची तीच झटापट, पण तारीख बदलली की न्यायालयही बदलते. जुन्या तारखेच्या खटल्यात दोष सिद्ध झालाच, तर कायदेमंडळानेच पुढे याच कृत्याला दोन वर्षे पुरेशी मानली हा मुद्दा शिक्षेच्या युक्तिवादात मांडता येतो. तो मान्य होईलच असे नाही, पण न मांडणे हा निष्काळजीपणा आहे.

या गुन्ह्यात फिर्यादी पोलीस, तपास अधिकारी त्याच ठाण्याचा आणि बहुतेक साक्षीदारही खात्यातलेच. एवढ्यावर खटला पडतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. फिर्यादी आणि तपासी एकच असला तरी तेवढ्या कारणाने खटला रद्दबातल होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये मुकेश सिंग प्रकरणात सांगितले आहे. साक्षीदार पोलीस आहे म्हणून तो खोटा, असेही न्यायालय मानत नाही. फक्त ती साक्ष अधिक बारकाईने तपासते. खटले पडतात ते पहिल्या दिवशी तयार झालेल्या कागदांतल्या भोकांमुळे.

त्या पहिल्या दिवशी नेमके काय घडते? झटापट होते, आणखी पोलीस बोलावले जातात, गाडीत बसवून ठाण्यात आणतात. ठाणे अंमलदार फिर्याद नोंदवतो, फिर्यादी पोलिसाला सरकारी दवाखान्यात पाठवतो, फाटलेला गणवेश, तुटलेले बटण किंवा नावाची पट्टी पंचनाम्याने जप्त होते. आरोपीचीही वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तिथे डॉक्टरला स्वतःच्या जखमा दाखवायच्या, कुठे आणि कशाने झाल्या ते सांगायचे. शेजारी हवालदार उभा असल्यामुळे बहुतेक जण गप्प बसतात आणि दाखल्यावर ‘बाह्य जखम नाही’ असे लिहून येते. वर्षांनंतर ‘मलाच मारले’ हा बचाव या तीन शब्दांवर आपटतो. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, तेव्हा ‘पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?’ असे विचारले जाते. उत्तर तिथेच द्यायचे. त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत येते, आणि ती नोंद पुढे कामी पडते.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. अर्नेशकुमार निकालाने 2014 मध्ये हे स्पष्ट केले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 35(3) ची नोटीस देऊन तपासाला बोलावता येते. तरीही 132 मध्ये जागेवर अटक होतेच, कारण गुन्हा अजामीनपात्र आहे आणि दुखावलेला माणूस खात्यातलाच आहे. अटकेची कारणे लेखी दिली का, आवश्यकता नोंदवली का, हे रिमांडच्या वेळीच बोलावे लागते. नंतर बोलून फारसा उपयोग नसतो. घटनास्थळावरून निघून गेल्यावर नाव घेऊन गुन्हा दाखल झाला असेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन. त्या अर्जात ‘मी निर्दोष आहे’ची तीन पाने भरण्यापेक्षा जप्त करायचे काही उरलेले नाही, दुखापत साधी आहे, मी नोटिशीला हजर राहीन, हे तीन मुद्दे पुरतात.

पोलीस कोठडी नाकारली गेली किंवा संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे बोलीभाषेतला एमसीआर. तो मिळाला की त्याच दिवशी जामीन अर्ज टाकायचा. जामीन मंजूर होतो, पण माणूस संध्याकाळी सुटत नाही, कारण जामीनदार तयार नसतो. जामीनदाराचे आधार कार्ड, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक, दोन फोटो हे सकाळीच फाइलीत हवे. नसेल तर तात्पुरता रोख जामीन मागावा आणि जामीनदारासाठी मुदत घ्यावी. साठ दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्कच निर्माण होतो, पण या गुन्ह्यात तिथवर वेळ सहसा येत नाही.

पहिल्या पंधरवड्यातले खरे काम जामिनाचे नसून चित्रीकरणाचे आहे. दुकानाच्या कॅमेऱ्यातले जुने चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते. तपास अधिकारी ते ताब्यात घेईलच याची खात्री नाही. दुकानदाराला लेखी विनंती द्यावी, आणि तपास अधिकारी व न्यायालय दोघांकडेही जतन करण्यासाठी अर्ज द्यावा. प्रकार ठाण्यात घडला असेल तर परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या 2020 च्या आदेशानुसार ठाण्यातले चित्रण दीर्घकाळ, निदान वर्षभर, साठवणे अपेक्षित आहे. ते मागताना तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहा. ‘सर्व फुटेज द्या’ असा अर्ज लटकतो. चित्रण मिळाले तरी प्रमाणपत्राशिवाय ते पुराव्यात जात नाही. अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 मध्ये हाच मुद्दा पक्का झाला. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक चित्रण सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप घेऊन साक्षीच्या दिवशी कोर्टात येणारे दर आठवड्याला दिसतात. मूळ मोबाइल कोणाचा, तो कुठे आहे, या पहिल्याच प्रश्नावर ती क्लिप बाजूला पडते.

दोषारोपपत्राची प्रत मिळाली की मागून वाचायला घ्यावे. आधी वैद्यकीय दाखला, मग पंचनामा, मग जबाब आणि शेवटी फिर्याद. फिर्याद आधी वाचली की बाकीचे कागद तिच्या नजरेतून वाचले जातात. दाखल्यावरची तपासणीची वेळ आणि फिर्याद नोंदल्याची वेळ जुळते का? उजव्या गालावर चापट म्हटले आहे आणि खरचटले आहे डाव्या कोपराला, असे आहे का? गणवेश फाटल्याचे फिर्यादीत आहे, पण मुद्देमालात गणवेश आहे का? घटना ठाण्यापासून पाच मिनिटांवर आणि फिर्याद सहा तासांनी, मग मधल्या वेळेत स्टेशन डायरीत काय नोंदले गेले? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी त्या वेळी फिर्यादी त्या ठिकाणी नेमणुकीवर होता हे दाखवणारा कर्तव्य वाटपाचा कागद जोडला आहे का? तो अनेकदा नसतो. सर्वांना वाटते, गणवेशात होता म्हणजे कामावर होताच. कायद्याला तेवढे पुरत नाही.

याची दुसरी बाजूही माहीत हवी. कलमाचे शब्द ‘कर्तव्य बजावत असताना’ एवढ्यावर थांबत नाहीत. कर्तव्यापासून परावृत्त करण्याच्या उद्देशाने किंवा आधी केलेल्या कर्तव्याचा राग म्हणून केलेला हमलाही त्यात येतो. मागच्या आठवड्यात चलन फाडले म्हणून सुट्टीवरच्या हवालदाराला बाजारात गाठून मारले, तर ‘तो ड्युटीवर नव्हता’ हा बचाव चालत नाही.

हमला म्हणजे काय, हेही नीट पाहावे लागते. नुसते शब्द म्हणजे हमला नाही, असे स्पष्टीकरण व्याख्येतच आहे. शब्दांमुळे हावभावाला मात्र वेगळा अर्थ येऊ शकतो. शिवी दिली, आरडाओरड केली, ‘तुझी वर्दी उतरवतो’ म्हटले, इतकेच असेल तर 132 उभे राहत नाही, दुसरी कलमे लागू शकतात. माणिक तनेजा प्रकरणात बंगळुरू वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका लिहिणाऱ्या जोडप्यावर 353 लावले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते रद्द केले. पण अंगाला हात लागला की उंबरठा फार खाली येतो. इजा, भीती किंवा त्रास देण्याच्या उद्देशाने हेतुपुरस्सर बळ वापरले, एवढे पुरते. त्यात ‘त्रास’ हा शब्द आहे म्हणून कॉलर धरणे, छातीवर धक्का, हातातले मशीन हिसकावणे हे सगळे आत बसते. धरलेला हात झटक्याने सोडवून घेणे हा खरा वादाचा प्रदेश. तिथे निकाल दोन्हीकडे गेलेले दिसतात, आणि फरक पडतो तो साक्षीदाराने ‘झटकला’ म्हटले की ‘ढकलले’ यावर.

‘पोलिसाची कारवाईच बेकायदा होती, म्हणून मी प्रतिकार केला’ हा बचाव लोकांना फार आवडतो, पण तो निसरडा आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, आणि लोकसेवक पदाच्या अधिकारात सद्भावनेने वागत असेल, तर त्याची कृती काटेकोरपणे कायदेशीर नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. न्याय संहितेचे कलम 37, जुने 99. म्हणजे कागदातली लहान चूक पुरत नाही. अधिकारच नव्हता किंवा सद्भावना नव्हती, असे दाखवावे लागते.

खटला कोणत्या पद्धतीने चालणार हेही शिक्षेच्या आकड्यावरून ठरते. दोन वर्षांपर्यंतचा गुन्हा समन्स खटला, त्यावरचा वॉरंट खटला. म्हणून फक्त 132 असेल तर औपचारिक आरोपनिश्चिती नाही, गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि ‘कबूल आहे का’ विचारतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 274 ला जोडलेल्या परंतुकामुळे आरोप निराधार वाटला तर दंडाधिकारी कारणे नोंदवून इथेच सोडू शकतात. ही दुरुस्ती नवी आहे, तिचा वापर करून पाहायला हवा. सोबत 121 असेल तर वॉरंट खटला. मग प्रती मिळाल्यापासून 60 दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे साक्षींआधीच आरोपातून सोडण्याचा अर्ज करायचा. सोबत 221 लावले असेल तर संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयात आहे का ते पाहा. ती नसेल तर 221 ची दखल घेता येत नाही. पण त्या एका दगडात 132 पडत नाही. दुर्गाचरण नाईक निकालापासून, म्हणजे 1966 पासून, हे दोन गुन्हे वेगळे धरले जातात.

2018 ते 2024 च्या खटल्यांत एक चूक वारंवार होते. दंडाधिकाऱ्यांकडे प्रती मिळाल्या की खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग, म्हणजे ‘कमिट’ होतो. आरोपी जुन्याच कोर्टात तारीख विचारत बसतो, इकडे सत्र न्यायालयात गैरहजेरी लागते आणि अजामीनपात्र वॉरंट निघते. ज्या माणसाची अंतिम शिक्षा कदाचित दंडाची असती तो वॉरंटात चार दिवस आत जाऊन येतो. कमिट झाल्याच्या दिवशीच नवा खटला क्रमांक लिहून घ्या आणि नवा जातमुचलका द्या. तारखेला येणे शक्य नसेल तर हजेरी माफीचा अर्ज सकाळी अकराच्या आत टेबलावर हवा. दुपारी आलेल्या अर्जावर तोवर वॉरंटचा आदेश झालेला असतो.

साक्षी सुरू झाल्या की पंच बहुधा फितूर होतात, रस्त्यावरचे साक्षीदार सापडत नाहीत, उरतात फिर्यादी आणि त्याचे सहकारी. उलटतपासात त्यांना खोटे म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. पोलीस साक्षीदार चिडवण्याला सरावलेला असतो. त्याला साध्या गोष्टी विचाराव्यात: गर्दी किती होती, दुकाने उघडी होती का, त्यांतल्या कोणाचा जबाब घेतला, बॉडी कॅमेरा होता का, चालू होता का, कोणत्या हाताने धरले, सहकारी कुठे उभा होता. दोन सहकारी दोन वेगळ्या बाजूंना उभे राहून एकच गोष्ट शब्दशः सारखी सांगत असतील तर तेही न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही. याउलट दोष सिद्ध होणाऱ्या खटल्यांत एक तरी कागद किंवा माणूस खात्याबाहेरचा असतो: टोलनाक्यावरचा कर्मचारी, चित्रण, वेळेशी जुळणारा वैद्यकीय दाखला, श्वास तपासणीची चिठ्ठी.

आपसात मिटवणे शक्य आहे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. 132 आणि 121 आपसात मिटवण्याच्या यादीत नाहीत. फिर्यादी पोलीस ‘माझी हरकत नाही’ म्हणाला तरी खटला मिटत नाही, कारण तक्रार त्याची वैयक्तिक नाही. उच्च न्यायालयात रद्द करण्याचा मार्ग आहे, तिथे माफीनामा आणि खर्चाची रक्कम यांवर काही प्रकरणे संपतात, पण तो हक्क नाही. आंदोलनांतले खटले शासन निर्णयानुसार मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील करू शकतो, त्यालाही न्यायालयाची संमती लागते. सौदा याचिकेची, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याची तरतूद मात्र सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना उघडी असूनही तिच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. आरोपनिश्चितीपासून 30 दिवसांत अर्ज, आणि पहिल्यांदाच दोषी ठरणाऱ्याला किमान शिक्षा ठरलेली नसेल तर कमाल शिक्षेच्या एकषष्ठांशापर्यंत. 132 मध्ये हे चार महिने होतात. पण कबुली ती कबुलीच, नोकरीच्या अर्जात ती लिहावी लागते.

आता शिक्षा. निकालाच्या दिवशी ‘दोषी’ म्हटल्यावर विचारतात, ‘शिक्षेबद्दल काय म्हणायचे आहे?’ आरोपी हात जोडतो, ‘साहेब, दया करा’ म्हणतो, आणि तो क्षण वाया जातो. त्या मिनिटासाठी आधीच्या आठवड्यात तयारी हवी: वय, घरातले अवलंबून असलेले, नोकरीचा कागद, आधीचा एकही गुन्हा नाही हे सांगणारी माहिती, कोठडीत काढलेल्या दिवसांचा हिशेब, आणि लेखी अर्ज की परिविक्षा अधिनियम 1958 चा (तुरुंगाऐवजी समज किंवा बंधपत्रावर सोडण्याचा, प्रोबेशनचा) लाभ द्यावा. कलम 3 खाली दोन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात नुसती समज देऊन सोडता येते, म्हणून 132 तिथे बसते. 121 किंवा जुन्या पाच वर्षांच्या 353 ला कलम 4, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षे. 21 वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचे तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात, पण वय मोजतात ते खालचे न्यायालय दोषी ठरवते त्या दिवसाचे. 19 व्या वर्षी केलेल्या झटापटीचा निकाल 25 व्या वर्षी लागला की हे संरक्षण गेलेले असते. लांबलेला खटला आरोपीच्या फायद्याचाच, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

परिविक्षा नाकारली गेली तर पुढची पायरी केवळ दंड, मग न्यायालय उठेपर्यंतची कैद, मग काही महिने. कमाल शिक्षा क्वचितच कोणाला होते. दुखापत, शस्त्र, जमाव, आधीचे गुन्हे आणि मद्यपान यांमुळे पारडे जड होते. न्याय संहितेतली समाजसेवेची शिक्षा मोजक्याच कलमांना आहे, 132 आणि 221 त्यांत नाहीत. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांहून जास्त कैद देता येत नाही, म्हणून 121(1) ची पाच वर्षे कागदावर असली तरी त्यांच्या कोर्टात व्यवहारात मर्यादा तीनची. अनेक कलमांत शिक्षा झाली असेल तर आदेशात ‘एकत्रित भोगाव्यात’ असे स्पष्ट आहे का ते तिथेच वाचून घ्या. भोगलेली कोठडी वजा केल्याचेही वाक्य हवे. लोकप्रतिनिधी असेल तर आकडा महिन्यांचाही महत्त्वाचा, कारण दोन वर्षे किंवा जास्त झाली की पद जाते.

निकालाच्या दिवशी जामीनदार सोबत ठेवा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत, आरोपी जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपिलासाठी ती तात्पुरती स्थगित करू शकते. दंड मात्र त्याच दिवशी नाझरकडे, म्हणजे कोर्टाच्या रोखपालाकडे भरून पावती घ्यावी. सत्र न्यायालयात अपील 30 दिवसांत, उच्च न्यायालयात 60 दिवसांत. दोषी ठरलेल्याला निकालाची एक प्रत तत्काळ आणि विनामूल्य मिळते, नकलेसाठी थांबण्याचे कारण नाही. निर्दोष सुटलेल्याकडूनही वरच्या न्यायालयात हजर राहण्याचे सहा महिन्यांचे बंधपत्र घेतात, त्यामुळे जामीनदार त्यालाही लागतो.

परिविक्षेवर सुटलेल्याला कलम 12 मुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही, पण सरकारी नोकराच्या खात्याला त्याच्या वर्तनाबद्दल चौकशी करता येते. नोकरीच्या फॉर्मात प्रलंबित किंवा संपलेला खटला लपवू नये. अवतार सिंग निकालानंतर, म्हणजे 2016 नंतर, किरकोळ गुन्ह्याची माहिती दिली तर नियोक्त्याला ती माफ करता येते, दडवणे मात्र स्वतंत्र दोष ठरतो. खटला चालू असताना पासपोर्ट हवा असेल तर ज्या न्यायालयात खटला आहे तिथे परवानगीचा अर्ज द्यायचा आणि आदेशात मुदत लिहून मागायची. मुदत लिहिली नसेल तर 1993 च्या अधिसूचनेनुसार पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. निर्दोष सुटल्यावर निकालाची प्रमाणित नक्कल स्वतः ठाण्यात नेऊन द्या आणि पोहोच घ्या. ठाण्याच्या नोंदीत खटला बरेच दिवस ‘प्रलंबित’च दिसतो, आणि पुढच्या चारित्र्य पडताळणीत तोच शब्द समोर येतो.